समोरचा दात

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, माझा दातांचा दवाखाना आहे. दाढ ठणकतेय म्हणून येणारा माणूस गालावर हात धरूनच येतो आणि काय होतंय ते दारातूनच सांगतो. समोरच्या दाताच्या रंगासाठी येणारा तसा येत नाही. तो आधी दुसरंच काही सांगतो. दात साफ करायचेत, हिरडीतून रक्त येतं, पोराची दाढ दाखवायचीय. सगळं झालं, पैसे देऊन झाले, की चपला पायात सरकवताना विचारतो, "मॅडम, या पुढच्या दाताचं काही होऊ शकतं का?" वरचा ओठ खाली ओढून बोलायची, हसताना तोंडापुढे हात न्यायची सवय त्याला इतकी जुनी असते, की आपण एकाही फोटोत दात दाखवून हसलेलो नाही हे त्याला विचारल्यावरच आठवतं.

अशा दातांना सिरॅमिकची कॅप बसवणं हा हळूहळू माझ्या कामाचा मोठा भाग होत गेला. दाढेची कॅप चावायला नीट बसली की रुग्ण खूश असतो. समोरच्या दाताची कॅप मात्र त्याच्या चेहऱ्याचा भाग होते. तो स्वतः ती रोज आरशात बघतो आणि इतर सगळे त्याच्याशी बोलताना बघतात. या कामानं मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. रंग घालवण्याआधी तो आला कुठून ते शोधायचं. आणि दात तासायला घेण्याआधी कमीत कमी किती तासून भागेल ते ठरवायचं. कॉलेजात दोन्ही शिकवतात. पण त्यांचा खरा अर्थ मला रुग्णांनी शिकवला.

म्हणून माझा पहिला प्रश्न दाताबद्दल नसतो. मी विचारते, "मूळ गाव कुठलं? लहानपण कुठं गेलं?" बदलापुरात हा प्रश्न फार उपयोगी पडतो. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोकलच्या भरवशावर इथं आलेली माणसं कोकणातली असतात, खानदेशातली असतात, मराठवाड्या-विदर्भातली असतात. येताना सामानासुमानाबरोबर ती आपल्या गावच्या पाण्याची खूणही दातांवर घेऊन येतात.

अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक तरुण असाच आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचा. वरच्या सगळ्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, त्यावर तपकिरी डाग आणि मधल्या दोन दातांना तर खड्डे पडून कडा झिजलेल्या. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "आमच्या गावात सगळ्याइचे दात असेच हायेत, मॅडम. तिथं कोणाले काही वाटत नव्हतं. इथं आल्यावर कंपनीत विचारू लागले, गुटखा खातो का म्हणून." त्यानं कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नव्हतं.

त्याचे दात गावच्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं रंगले होते. पाण्यातलं थोडं फ्लोराइड दाताला किडीपासून जपतं, पण ते जास्त झालं की घडत असलेलं इनॅमल नीट पक्कं होत नाही, आतून सच्छिद्र राहतं. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड योग्य धरलं आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतलं आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत खोल बोअरचं पाणी ही मर्यादा ओलांडतं, कारण तिथल्या खडकातच फ्लोराइडची खनिजं आहेत. दात उगवतो तेव्हा तो पांढुरका, निस्तेज असतो. मग चहा, मसाले, जेवण यांचे रंग त्या छिद्रांत शिरतात आणि वर्षानुवर्षं तो तपकिरी होत जातो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, पोरगा दात घासत नाही.

या डागांचं कोडं सुटायला जगात तीस वर्षं लागली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला आणि गावातल्या पोराबाळांचे तपकिरी दात बघून चक्रावला. तो गावोगाव हिंडला, दात तपासत राहिला, पाण्यावर संशय धरून बसला. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाला त्या पाण्यात फ्लोराइड सापडलं. आपल्याकडे १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या अशाच रुग्णांची नोंद झाली. मॅकेनं एकेका दाताच्या डागाचं कारण शोधण्यापेक्षा सगळे इथलेच कसे, हे विचारलं. मूळ गावाचा माझा प्रश्न त्याच वाटेनं आलेला आहे.

त्या तरुणाची मागणी होती, "हसल्यावर दिसतात तेवढ्या सगळ्या दातांना कॅप बसवा." त्याला तसं आधी कुणीतरी सांगितलंही होतं. आम्ही तसं केलं नाही. सुळे आणि त्यांच्या शेजारच्या दातांचे डाग वरवरचे होते. सौम्य आम्ल आणि बारीक पूड घेऊन वरचा पातळ थर घासला, मग ब्लीचिंग केलं, तेवढ्यानं ते बरेच निवळले. मधले दोन दात मात्र खड्ड्यांनी कमकुवत झाले होते, त्यांना आधाराची गरज होती. कॅप बसल्या त्या फक्त त्या दोघांना. त्यांचा रंग आम्ही निवळलेल्या शेजाऱ्यांकडे बघून ठरवला. अगदी पुसट पांढरी झाक मुद्दाम ठेवली, म्हणजे सहाही दात एकाच घरचे वाटावेत.

काम संपल्यावर त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आता अशा प्रत्येक रुग्णाला आपणहून द्यावंसं वाटतं. "माझ्या पोरीचेही असेच येतील का?" हे डाग आईबापांकडून येत नाहीत. पक्क्या दातांचं इनॅमल हिरडीच्या आत घडतं, समोरच्या दातांचं साधारण जन्मापासून चार-पाच वर्षांपर्यंत, आणि त्यातही दीड ते अडीच वर्षांचा काळ सर्वांत नाजूक. त्या काळात मूल कुठलं पाणी पितं यावर सारं अवलंबून. बदलापूरला उल्हास नदीचं पाणी बॅरेजवरून शुद्ध होऊन येतं. ही भीती खोल बोअरच्या पाण्याची असते, या पाण्याची नव्हे. पण बाळ वर्षानुवर्षं आजोळी राहणार असेल, तर तिथलं पाणी तपासून घ्यावं. आणि उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. आजीनं प्रेमानं उकळून दिलेल्या पाण्यानं हा प्रश्न सुटत नाही, हे सांगताना मी नेहमी सावकाश सांगते, कारण त्या आजीनं तिच्या परीनं सगळं बरोबरच केलेलं असतं.

काही दातांचा रंग पाण्यातून येत नाही, औषधातून येतो. पन्नाशीतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. दातांवर आडवे पट्टे, वर पिवळट, खाली करडे-तपकिरी. आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून हसत आल्या होत्या. लहानपणी सारखा ताप यायचा आणि गावचा डॉक्टर कॅप्सूल फोडून मधातून द्यायचा, एवढं त्यांच्या आईनं सांगितलेलं आठवत होतं. ते बहुधा टेट्रासायक्लिन. या गटातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली बाजारात आलं, ते ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत सापडलं तिथल्या संशोधनाचं नेतृत्व आपल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होतं. त्या औषधानं असंख्य जीव वाचवले. पण ते घडत असलेल्या दातातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं आणि दात उगवल्यावर उजेडानं काळवंडत जातं. म्हणून ओठ उघडले की दिसणारे दातच सर्वांत गडद होतात. हे लक्षात आल्यावर गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते देणं टाळू लागले, त्यामुळे असे दात आता मुख्यतः मधल्या आणि उतरत्या वयाच्या माणसांत दिसतात.

मी त्यांना हे सगळं आरशात दात दाखवत सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दात घासत नव्हते, असं नव्हतं तर." चाळीस वर्षं त्यांनी स्वतःला अस्वच्छ समजून काढली होती. त्या दिवशी मी त्यांच्या दाताला हातही लावला नव्हता, पण निम्मं काम तिथंच झालं होतं. तेव्हापासून कारण समजावून सांगण्याच्या वेळेला मी उपचाराचाच भाग मानते. त्या भेटीसाठी घाई करत नाही.

मशेरीची गोष्ट वेगळी. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आपल्या भागात अजूनही कितीतरी बायका सकाळी उठून ती दातांना लावतात आणि तोंडात धरून बसतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण मशेरी घरातल्या तव्यावर भाजली जाते. एक आजी नातवाच्या लग्नाआधी मुलाबरोबर आल्या. मुलाला वाटत होतं, दात काळे पडलेत, कॅप बसवून घेऊ. तो काळेपणा फक्त वरच्या थराचा होता. स्केलिंग आणि पॉलिशिंग केल्यावर खालचे दात वयाच्या मानानं छान निघाले. पण तोंड पूर्ण तपासताना मशेरी धरण्याच्या जागी, ओठाच्या आत, एक पांढरा चट्टा दिसला. रंगाचा विषय बाजूला ठेवून मी त्यांना तुकडा तपासणीला पाठवलं. वेळेवर कळलं आणि वेळेवर उपचार झाले. रंगासाठी आलेल्या माणसाचं तोंड घशापर्यंत, जिभेखालपर्यंत बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. दिसणं सुधारायला आलेला माणूस पुष्कळदा पहिल्यांदाच दंतवैद्यापुढे तोंड उघडत असतो.

या कामातला सर्वांत अवघड रुग्ण मात्र डागांनी भरलेला नसतो. ज्याचा एकच समोरचा दात काळा आहे आणि शेजारचा अगदी निरोगी आहे, तो सर्वांत अवघड. दोन्ही दात एकमेकांना खेटून, चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर. त्यांच्यात जराही फरक राहिला तर समोरच्याची नजर तिथंच अडकते.

रोज पहाटेच्या लोकलनं मुंबईला जाणारा एक तरुण असा होता. शाळेत असताना सायकलवरून पडला, दात तुटला नाही, पण आतून मेला. दाताच्या आत रक्त झिरपतं, त्यातलं लोह उरतं आणि दात राखाडी पडत जातो. त्याचं रूट कॅनाल पूर्वीच झालेलं होतं. लोकांमध्ये पक्का समज आहे की रूट कॅनाल झालं म्हणजे कॅप लागतेच. दाढांच्या बाबतीत बहुधा ते खरं असतं, कारण दाढांवर चावण्याचा भार असतो. समोरचा दात धडधाकट असेल तर त्याला कॅपशिवायही चालतं. म्हणून आधी आम्ही त्याचा दात आतून ब्लीच केला. मुळातल्या भरावावर पक्कं झाकण घालायचं, मग सोडियम परबोरेटची पेस्ट आत ठेवून दात तात्पुरता बंद करायचा आणि काही दिवसांनी बदलायची. बऱ्यापैकी उजळला. काही वर्षं त्याला ते पुरलं. पुढे हळूहळू करडी छटा परत आली आणि मागच्या भरावापाशी चीर दिसू लागली. तेव्हा कॅपचा निर्णय झाला, आणि तो तेव्हा योग्य होता.

हे काम करतानाच माझ्या कामाला एक वळण मिळालं. कॅप मी बनवत नाही, माझ्या मापावरून लॅबमधला तंत्रज्ञ बनवतो. मी दात तासते, माप घेते आणि शेड गाइडवर रंग जुळवून त्याला नंबर कळवते. सर्वत्र वापरली जाणारी ती गाइड सोळा रंगांची असते. ए म्हणजे तांबूस-तपकिरीकडे झुकणारे, बी पिवळसर, सी करडे, डी करडे-तांबूस. कल्याणच्या लॅबमधल्या त्या ज्येष्ठ तंत्रज्ञानं माझी चिठ्ठी वाचून फोन केला. "नंबर पाठवून हा दात होणार नाही, डॉक्टर. मला माणूस दाखवा."

तो तरुण संध्याकाळी आठनंतरच मोकळा व्हायचा आणि रात्री ट्यूबलाइटखाली रंग बघण्यात अर्थ नसतो. एका प्रकाशात जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकाशात फटकून राहतात. मग रविवार सकाळ ठरली. तंत्रज्ञ वेळेवर आले, आणि मी काहीही सुरू करायच्या आधी रुग्णाला गॅलरीत उभं केलं. तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात कोरडा पडून पांढरा दिसू लागतो, म्हणून रंग आधीच बघायचा असतो. एका वेळी काही सेकंदच बघायचं, मग नजर काढून करड्या कागदाकडे न्यायची, कारण डोळे थकले की रंग खोटे सांगतात. त्यांनी वहीत शेजारच्या दाताचं चित्र काढलं. मानेकडे पिवळसर, मध्ये उजळ, टोकाकडे निळसर पारदर्शक, त्यात तीन फिकट उभ्या रेघा आणि एका कोपऱ्यात केसाएवढी चीर. मी इतकी वर्षं त्या दाताला एक नंबर देऊन मोकळी होत होते. त्या सकाळी कळलं की एका दातात किती रंग असतात आणि आपल्या कॅपमध्ये त्यातला एकेक रंग कुणीतरी हातानं भरणार आहे. त्यानंतर समोरच्या दाताचं माप मी फोटो आणि रेखाटनाशिवाय पाठवलेलं नाही.

त्यांनी माझं लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधलं. तासल्यावर खाली जो बुंधा उरतो त्याचाही रंग कळवायचा. सिरॅमिक दातासारखं जिवंत दिसतं, कारण प्रकाश त्यातून आत शिरतो. पण खाली काळा बुंधा असेल तर तोच प्रकाश आतला काळेपणा बाहेर घेऊन येतो. अशा वेळी जास्त पारदर्शक पदार्थ कामाचा नसतो. आधी बुंधा झाकणारा अपारदर्शक थर आणि त्यावर दातासारखा थर द्यावा लागतो, आणि त्यासाठी जागा लागते. किती तासायचं हे बुंध्याच्या रंगावरही ठरतं, हे मी तिथं शिकले.

जुन्या काळात हा प्रश्न धातूनं सोडवला जायचा. पूर्ण चिनी मातीची कॅप काही नवी नाही. डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनवली होती. पण ती ठिसूळ होती. १९६० च्या दशकात धातूच्या पातळ टोपीवर सिरॅमिक भाजण्याची पद्धत रूढ झाली आणि कॅप मजबूत झाली. धातूतून मात्र प्रकाश आरपार जात नाही. दात मेल्यासारखा दिसतो आणि हिरडी थोडी सरकली की कडेला करडी रेघ उघडी पडते. अशी रेघ घेऊन कितीतरी जणी माझ्याकडे येतात आणि म्हणतात, कॅप सडली. कॅप सडलेली नसते, आतला धातू दिसू लागलेला असतो.

आता समोरच्या दातासाठी मी बहुतेक वेळा लिथियम डायसिलिकेट वापरते. यंत्रावर कोरण्याआधी त्याचा ठोकळा चक्क पिकलेल्या बदलापुरी जांभळाच्या रंगाचा असतो. भट्टीत साधारण ८४० अंशांना भाजला की स्फटिक बदलतात, तो दाताच्या रंगाचा होतो आणि त्याची ताकद कितीतरी वाढते. झिरकोनिया त्याहूनही भक्कम, रात्री दात खाणाऱ्यांसाठी चांगला. पण तो आम्लानं खरवडला जात नाही, त्यामुळे चिकटवण्याची रीत वेगळी पडते. लिथियम डायसिलिकेटला आतून हायड्रोफ्लोरिक आम्लानं खरवडायचं, त्यावर सायलेन लावायचं आणि दात लाळेपासून कोरडा ठेवून रेझिननं चिकटवायचं. त्या चिकटण्यातच कॅपची निम्मी ताकद आहे. लाळेचा एक थेंब आत गेला तरी ती जाते, म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, लावताना रुग्ण कुरकुरला तरी मी तो लावते.

चिकटवण्याआधी ट्रायल असते. कॅप नुसती बसवून बघायची, रुग्णाच्या हातात आरसा द्यायचा आणि आपण गप्प राहायचं. घरचं कुणी सोबत असेल तर त्यालाही विचारायचं. माझ्या मते जुळलेला रंग एखाद्या आईला पसंत पडत नाही, आणि पुष्कळदा आईचं बरोबर असतं. तिनं तो चेहरा माझ्याहून कितीतरी जास्त वेळा बघितलेला असतो. ट्रायलला पसंती मिळेपर्यंत मी कॅप पक्की करत नाही. एकदा पक्की झाली की काढायची म्हणजे फोडायची.

माझ्या कामातला सर्वांत अवघड शब्द 'नको' हा आहे. दर लग्नसराईत तो वापरावा लागतो. एक मुलगी आईबरोबर आली. साखरपुडा ठरलेला, दात थोडे पिवळसर, एक किंचित वाकडा. मागणी होती सहा दातांच्या पांढऱ्याशुभ्र कॅपची, कारण मैत्रिणीनं तसं केलं होतं. तिचे दात निरोगी होते. मी तिला कागदावर दात काढून दाखवला. पूर्ण कॅपसाठी दात सगळीकडून तासावा लागतो. २००२ साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी मोजून दाखवलं होतं की कॅपसाठी हिरडीवरच्या दाताचा साधारण ६३ ते ७२ टक्के भाग जातो. नुसत्या दर्शनी पातळ पापुद्र्यासाठी, म्हणजे व्हिनीअरसाठी, ३ ते ३० टक्के. तिला आकडे पटकन समजले. आई म्हणाली, "पण लग्नाला दोनच महिने राहिलेत." दोन महिन्यांत ब्लीचिंग व्यवस्थित होतं. त्या काळात चहा, हळद, बीट, आणि मोसम असेल तर जांभळं टाळायची, एवढंच. तिनं तसंच केलं. लग्नाच्या अल्बममधला तिचा फोटो तिच्या आईनं मला आणून दाखवला. त्यात तिचे सगळे दात तिचे स्वतःचे होते.

ब्लीचिंगनंतर एखाद्या दाताला कॅप लागणारच असेल तर मी साधारण दोन आठवडे थांबते. रंग स्थिर व्हायला वेळ लागतो आणि दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट धरू देत नाही. आधी उजळवायचं, मग जुळवायचं. उलट केलं तर फसगत होते, कारण सिरॅमिकवर ब्लीचिंगचा परिणाम होत नाही. बाकी दात उजळतील आणि कॅप आहे तशीच राहील.

रुग्णांना मी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. कॅप आयुष्यभराची नसते. चांगली सांभाळली तर पुष्कळ वर्षं टिकते, पण कधीतरी बदलावी लागते, आणि दर बदलाला खालचा दात थोडा कमी होतो. पंचविशीत कॅप घेणाऱ्याला ती पुढे एकदा तरी बदलावी लागणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. कॅपला कीड लागत नाही, तिच्या कडेखालच्या दाताला मात्र लागते. त्यामुळे हिरडीच्या कडेला ब्रश आणि दातांमधून धागा रोज फिरायला हवा. बाटलीचं झाकण, दोरा, नखं यांच्यासाठी ते दात नाहीत. पक्की कॅप येईपर्यंतच्या टेम्पररी कॅपला आपल्या स्वयंपाकातली हळद सोडत नाही, दोन दिवसांत ती पिवळी होते. घाबरलेल्या रुग्णांचे फोन येतात. त्यांना मी आधीच सांगून ठेवते की खऱ्या सिरॅमिकवर हळद बसत नाही.

पैशाचा विषयही मी आधीच काढते. पूर्ण सिरॅमिकची कॅप धातूच्या कॅपपेक्षा महाग पडते आणि इथल्या बहुतेक घरांत महिन्याच्या पगारातून घराचा हप्ता आणि लोकलचा पास आधी निघतो. ज्याला एकाच दाताची गरज आहे त्याला एकच दात सांगावा. पैसे जमेपर्यंत थांबायचं असेल तर दाताच्या रंगाचं साधं कॉम्पोझिट लावून काही काळ काढता येतो, आणि त्यासाठी दात फारसा तासावाही लागत नाही. घाईनं केलेल्या स्वस्त कामापेक्षा थांबून केलेलं काम रुग्णाला शेवटी स्वस्तच पडतं.

प्लास्टरची मॉडेल्स आणि फोटो मी जपून ठेवते. २००५ आणि २०१९ च्या पुरात उल्हासचं पाणी पश्चिमेकडच्या वस्त्यांत शिरलेलं बघितल्यावर ही सगळी कपाटं उंचावर गेली. जुनी मॉडेल्स काढून बघताना एक गोष्ट दिसते. ज्या दातांना मी कमी हात लावला, ते दात आज सर्वांत चांगल्या स्थितीत आहेत.

कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले तरुण डॉक्टर अधूनमधून दवाखान्यात काम शिकायला येतात. त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, स्कॅनर आहेत, संगणकावर आधीच हसू आखून दाखवणारी साधनं आहेत. ती वापरावीत, त्यांनी काम सोपं केलं आहे. मी त्यांना फक्त प्रश्नांचा क्रम शिकवते. आधी गाव विचारा, मग लहानपणचे आजार, मग पडणं-झडणं, मग तंबाखू. तोंड पूर्ण बघा. मग घासून भागेल का, ब्लीचिंगनं भागेल का, कॉम्पोझिटनं भागेल का, व्हिनीअरनं भागेल का, असं पायरीपायरीनं विचारा. या सगळ्याचं उत्तर नाही आलं, तरच दात तासायचा एअरोटर उचला. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवला की संपतात, त्यामुळे तासलेला कण कुणालाही परत देता येत नाही. समोर बसलेल्या माणसाला पांढरे दात हवे असतात हे खरं, पण त्याचे स्वतःचे दात शक्य तितके त्याच्याकडेच राहावेत, ही काळजी त्याच्या वतीनं आपण घ्यायची असते. कॅप नीट बसवता येणं हे कौशल्य आहेच. ती कुणाला लागत नाही हे ओळखता येणं त्याहून मोठं आहे.